लाकडात कापलेली सही

आमच्या घरात एक माणूस आहे, तो बसत नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा उभा असतो, म्हणजे अर्धा उठलेलाच. नाव सिद्धोधन. नवऱ्याचं नाव असं सरळ घेतलं म्हणून कुणी नाक मुरडू नये. लग्नात उखाणा घेऊन झालेला आहे, त्याला एकतीस वर्षं झाली.

जिंतूरच्या एसटी आगारात ते मेकॅनिक होते, तोपर्यंत त्यांचा हा गुण खपून गेला. तिथे कुणाला बसलेला मेकॅनिक नकोच होता. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि ती सगळी वणवण घरात आली. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या नळांचे वायसर बदलले, न गळणाऱ्या नळांचेसुद्धा. मी शाळेतून घरी यायची तर कपाट दुसऱ्याच भिंतीला लागलेलं असायचं. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण, दिवसभर चाळीस पोरांना "जागेवर बस" म्हणते. घरी येऊन तेच एकेचाळिसाव्याला म्हणायचं म्हणजे माझ्या नाकात दम यायचा.

मग आमची लेक धम्मशीला तिचं यंत्र घेऊन आली. ती पुण्यात नोकरी करते. हौसेने तिने घरगुती कटिंग मशीन घेतलं होतं, कागदाची फुलं, स्टिकर असलं काही कापायला. दिसायला प्रिंटरसारखं, फक्त शाईच्या जागी बारीकसं पातं. तिची हौस सहा महिन्यांत फिटली. "बाबांना द्या, त्यांचा वेळ जाईल," असं म्हणून तिने ते इथे ठेवलं.

बाबांचा वेळ गेला, आमचाही गेला. कागदावर त्यांचं आठ दिवसांत मन भरलं आणि ते पातळ लाकडावर आले. बाल्साचे पत्रे पुण्याहून कुरियरने यायला लागले, दीड मिलिमीटर जाडीचे, हातात घेतलं तर वजन लागत नाही असे. त्यातून पिंपळपानं निघाली, गल्लीतल्या निम्म्या दारांवरच्या नावाच्या पाट्या निघाल्या, माझ्या पहिलीच्या वर्गाला बाराखडी मिळाली.

पण लाकडाचं एक आहे. पातं ते एका दमात कापत नाही. त्याच रेघेवरून बारा-चौदा वेळा फिरतं, दर वेळी केसभर खोल जातं. पत्रा एका चिकट चटईवर बसवून चारी बाजूंनी कागदी टेपने बांधायचा, चटई यंत्राच्या तोंडात द्यायची आणि मग चाळीस-पन्नास मिनिटं हात लावायचा नाही. मध्येच बाहेर ओढून पाहिलं तर पुन्हा त्याच जागी बसत नाही, रेघेच्या शेजारी दुसरी रेघ पडते आणि पत्रा वाया जातो. थोडक्यात, त्या यंत्राला थांबणारा माणूस हवा होता आणि मिळाले आमचे हे. दर तिसरा पत्रा उताविळीपायी मोडत होता. मोडला की ते अंगणात दोन चकरा मारायचे आणि नवा लावायचे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते दिवाळीपर्यंत.

दिवाळीच्या आठ दिवस आधी माझ्या सासूबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सुलाबाई त्यांचं नाव, वय अठ्ठ्याहत्तर. मी त्यांना आत्या म्हणते. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा तोंड सरळ झालं होतं, जीभही फिरत होती, जरा जास्तच. काठी धरून चार पावलं टाकायच्या. पण उजवा हात परका झाला. पेन धरता यायचं, मात्र पेन त्यांचं ऐकायचं नाही. सरळ न्यायला गेल्या की ते खाली घसरायचं आणि कागदाच्या बाहेर जायचं.

डिसेंबरात शीलाचं लग्न झालं. लग्नाच्या नोंदणीसाठी कचेरीने फेब्रुवारीची पाच तारीख दिली. नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. पहिली साक्षीदार आजीच, हे शीलाने आत्यांना आजारपणाच्या कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं आणि आत्यांनी ते गल्लीभर सांगून ठेवलं होतं. आता काय करायचं, यावर प्रत्येकाकडे उपाय होता. कुणी म्हणालं, दुसरा साक्षीदार घ्या. कुणी म्हणालं, अंगठा चालतो. जावयांच्या आईने तर प्रेमाने सुचवलं की, मी हात धरते, आपण दोघी मिळून करू सही.

आत्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "अंगठा म्या देनार न्हाई. अन् माजा हात कुनी धरायचा न्हाई."

हा हट्ट वाटेल, पण त्यामागचं मला ठाऊक होतं. आत्या सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात सात-आठ वर्षांचं पोर. एका जिनिंगमध्ये कापूस वेचून साफ करायला जायच्या. आठवड्याचा पगार द्यायला मुनीम बसायचा. पुरुष आपला अंगठा आपणच शाईवर टेकवायचे. बायकांचा मात्र हात तो स्वतः धरायचा, अंगठा शाईत दाबायचा, मग वहीवर दाबायचा आणि सोडायला वेळ लावायचा. रांगेतल्या बाकीच्या बायका खाली बघत उभ्या. आत्यांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता.

त्या साली विहारात संध्याकाळचा साक्षरतेचा वर्ग निघाला. आत्यांना बाराखडीशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी गुरुजींना सांगितलं, मला फक्त माझं नाव शिकवा. गुरुजींनी युक्ती सांगितली, आधी वरची रेघ ओढायची, म्हणजे दोरी बांधायची. मग एकेक अक्षर त्या दोरीवर वाळत घालायचं. महिनाभरात दोरीवर चार अक्षरं आली. पुढच्या पगाराला मुनिमाने हात पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "पेन द्या." त्यानंतर त्यांचा अंगठा कुठल्याही कागदावर उमटला नाही. आणि आणखी एक नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला: कागदावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही.

तर अशा बाईला आता अंगठा द्या म्हणणं म्हणजे पन्नास वर्षं मागे जाऊन त्या रांगेत उभं करणं होतं. मला रागही यायचा आणि रडूही यायचं. सिद्धोधनना काय वाटत होतं ते त्यांच्या चकरांवरून कळत होतं. अंगणातली फरशी झिजेल असं चालायचे.

एका सकाळी ते चालता चालता थांबले आणि म्हणाले, हात माणसानं धरायचा नाही ना, मग लाकूड धरेल. पातळ लाकडात सहीची अक्षरं आरपार कापायची, पेनाचं टोक जाईल एवढ्या रुंदीची वाट करायची. फळी कागदावर ठेवायची, माय पेन त्या वाटेने नेईल, बाहेर घसरणार नाही. मी म्हटलं, कधी नव्हे ते डोकं चाललं.

पहिली फळी त्यांनी संगणकातली सुबक अक्षरं घेऊन कापली. कापणं सोपं नव्हतं. वरची रेघ सलग कापली तर खालचा भाग लोंबकळायचा, म्हणून मध्ये दोन जागी लाकूड शिल्लक ठेवावं लागलं. 'ब'च्या पोटातला तुकडा गळून पडायचा, त्याला बारीक पूल ठेवावा लागला. दोन पत्रे यांच्या घाईने मोडले, एक वीज गेल्याने. चौथा साधला. तो घेऊन ते आत्यांसमोर उभे राहिले, तेव्हा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे दिसत होते.

आत्यांनी फळी उजेडात धरली. "ही पेपरच्या मथळ्याची सही हाय," म्हणाल्या. "माजी न्हाई."

बरोबरच होतं त्यांचं. सही म्हणजे नुसतं नाव नव्हे, हे मी पोरांना शिकवते आणि घरात मात्र विसरले होते. आत्यांच्याच हातची जुनी सही शोधायला हवी होती. सिद्धोधनना लगेच आठवलं. त्यांची शाळेतली प्रगतीपुस्तकं आत्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. सातवीचं सापडलं. पालकाच्या रकान्यात तीन सह्या, निळ्या शाईत, पुसटही झाल्या नव्हत्या. त्यांनी सगळ्यात ठसठशीत होती ती निवडली, फोटो काढला, संगणकावर मोठी केली आणि त्यावरून कडा आखल्या. ही फळी दुसऱ्याच प्रयत्नात निघाली. मलासुद्धा ती पाहून भरून आलं. तारखेला तेरा दिवस उरले होते.

आत्यांनी पेन वाटेत घातलं. रेघ झाली, 'सु' झाला, 'ला' झाला. 'बा'वर त्या थांबल्या. पेन बाहेर काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा थांबल्या.

"माजा हात हितं असा वळत न्हाई," त्या म्हणाल्या. मग प्रगतीपुस्तक मागितलं. तिन्ही सह्यांवर बोट फिरवलं. "ह्या दोन माज्या. ही कुनाची?"

सिद्धोधननी पुस्तक हातात घेतलं, दाराशी गेले, परत आले. ती सही ज्या परीक्षेखाली होती तिचे गुण मी वाचले: गणितात नापास, इंग्रजीत नापास, विज्ञानात काठावर. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही या नियमाच्या भीतीने, बारा-तेरा वर्षांच्या पोराने आईची सही स्वतःच ठोकून दिली होती. इतकी बेमालूम की आता साठीकडे झुकल्यावर त्याची त्यालाच ओळखू आली नाही, आणि तीन सह्यांतून त्याने नेमकी तीच उचलली.

मला हसू फुटलं. पण आत्यांचं तोंड पाहिलं आणि ते घशातच विरलं.

"म्या कुनाला हात धरू दिला न्हाई," त्या म्हणाल्या. "अन् माज्या नावावर माज्याच लेकरानं हात फिरवला."

एवढंच बोलल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. तीन दिवस त्यांनी पेनाला हात लावला नाही. जेवण झालं का, गोळी घेतली का, याला नुसती मान हलवायच्या. सिद्धोधनची अवस्था बघवत नव्हती. चुलीवरचं पातेलं उचलायचे, ठेवायचे. चप्पल घालायचे, काढायचे. आपण माफी मागावी की मागू नये, हेही त्यांना कळेना. पोरवयातल्या गोष्टीची माफी कोणत्या तोंडाने मागायची? एकदा त्यांनी आत्यांच्या पायाशी बसून नुसतं "माय" म्हटलं. मी पहिल्यांदाच मनात म्हटलं की, साक्षीदार बदलावा आणि हा विषय संपवावा. शीलाला तसा फोनही लावला. ती म्हणाली, आजी स्वतः म्हणाली तरच.

चौथ्या दिवशी हे सकाळीच घराबाहेर पडले ते दुपारी आले. पलीकडच्या गल्लीत मनकर्णाबाई राहतात. आत्या आणि त्या एकाच बचत गटातल्या. गटाची पहिली वही मनकर्णाबाईंकडे होती, बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची. वही द्यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून यांनी त्यांच्या ओट्यावर बसून पानापानाचे फोटो काढले. सत्तेचाळीस सह्या. प्रत्येकीत 'बा'चं पोट खालून उघडं, कधीच न मिटलेलं. मोबाइल त्यांनी आत्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि एकेक सही सरकवत राहिले.

पंधराव्या की सोळाव्या सहीला आत्या उठून बसल्या. "ही घे," म्हणाल्या. "ह्या दिशी हात चांगला चालला व्हता."

त्या दुपारी फळी कापायला घेतली. यंत्र सुरू झालं आणि आत्या काठी टेकत आल्या, त्यांनी खुर्ची मागवली आणि यंत्रासमोर बसल्या. सिद्धोधन उभे. पातं जायचं, यायचं, जायचं, यायचं. पाचव्या फेरीला ते पुढे वाकले. आत्यांनी काठी आडवी केली. नवव्या फेरीला पुन्हा वाकले, पुन्हा काठी. मी दारातून बघत होते आणि माझेच हात शिवशिवत होते. वीज जाईल, पत्रा सरकेल, काहीही होईल असं वाटत होतं. चौदा फेऱ्या झाल्या, यंत्र थांबलं, तरी हे हलले नाहीत. आत्याच म्हणाल्या, "काड आता."

मग आठ दिवस सकाळ-दुपार सराव. पहिल्यांदा रेघ, मग चार अक्षरं. फळीमुळे पेन बाहेर जात नव्हतं, पण ढकलायचं आत्यांनाच होतं, आणि ते सोपं नव्हतं. एका सहीला सहा-सात मिनिटं लागायची, कपाळ घामाने भिजायचं. पाच दिवसांनी चार मिनिटांवर आलं. बोलणं अजून बेताचंच होतं. सहीबद्दल आईने मुलाला काही म्हटलं नाही, मुलानेही काढलं नाही. दरम्यान हे दोनदा कचेरीत जाऊन अर्जावरचा साक्षीदाराचा रकाना मोजून आले. फळीच्या कडा त्या मापाने तासल्या.

पाच तारखेला कचेरीत गर्दी होती. आमचा नंबर लागायला बारा वाजले. टेबलामागे तिशीतला कारकून, बोलायला मऊ. त्याने आत्यांकडे पाहिलं, काठी पाहिली, गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला उजवा हात पाहिला आणि शाईचा डबा पुढे सरकवला. कागद वळवून त्यांच्यासमोर ठेवला. फळी माझ्या पिशवीत होती. ती मी काढली, तर आत्यांनी मला थांबवलं.

"सुकेशनी, हितं काय लिवलंय ते वाच."

मी मनातल्या मनात वाचलं आणि कागदावर हात ठेवला. पहिल्या साक्षीदाराच्या रकान्यात कारकुनाने आधीच लिहून ठेवलं होतं. आत्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मोठ्याने वाचावंच लागलं: "सुलाबाई यांची निशाणी अंगठा."

"खोडाय लाव."

कारकून म्हणाला, मावशी, राहू द्या की, त्याच्यावरच सही करा, कोण बघतंय. वाईट मनाने नव्हता म्हणत. मागे रांग होती. आत्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे बघत बसल्या. त्याने शेवटी त्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली.

सिद्धोधननी फळी ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबली. आत्यांनी हात गळपट्टीतून काढला आणि पेन वाटेत घातलं. आधी दोरी. मग 'सु'. 'ला'ला वेळ लागला. मागून कुणीतरी खाकरलं, कुणीतरी घड्याळ बघून काहीतरी म्हणालं. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील, हलतील. पण ते हलले नाहीत. 'बा' झाला, खालून उघडा. 'ई' झाली. फळी उचलली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मी ते पुसलंही नाही.

कारकुनाने सही पाहिली, मान डोलावली, मग कागदावर टकटक केलं. "खाडाखोड झाली ना, मावशी. तिच्या शेजारी बारकी सही लागते. नियम हाय. तुमच्या मुलानं केली तरी चालंल."

खोडलेल्या शब्दांशेजारी जेमतेम बोटभर कोरी जागा होती. फळी तिथे बसणं शक्य नव्हतं. सिद्धोधननी खिशातून पेन काढलं. त्यांचा हात कागदाकडे निघाला, अर्ध्यावर गेला आणि तिथून परत आला. पेन त्यांनी खिशात ठेवून दिलं.

"खाडाखोड माजी हाय," आत्या म्हणाल्या.

फळीशिवाय त्यांनी ती रेघ ओढली. वाकडी निघाली, उतरत गेली. तिच्याखाली 'सु' आणि 'ला' एकमेकांना चिकटले. 'बा' ओळखू येईल इतपत आला आणि पेन घसरून कागदाच्या कडेला गेलं. आत्यांनी दम घेतला. डाव्या हाताने कागद स्वतःच सरकवून सरळ केला आणि कडेच्या त्या उरलेल्या जागेत 'ई' बसवली. कारकून खुर्चीतून अर्धा उठून बघत होता. म्हणाला, चालतंय, मावशी, चालतंय.

त्याने कागद ओढून घेतला. दुसऱ्या साक्षीदाराचा नंबर आला. आत्यांनी मात्र पेन खाली ठेवलं नव्हतं.

"आजून कुटं लागती का?" त्यांनी विचारलं.